आधी बिल वाचा, मग गच्चीवर चढा

कोल्हापुरात सोलरची चौकशी करायला आलेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो, "किती खर्च येईल?" मी वायरमन आहे. मंगळवार पेठेत राहतो आणि पेठांतल्या कौलारू घरांपासून कळंबा-पाचगावकडच्या नव्या बंगल्यांपर्यंत कामं करतो. माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी वर्षभराची लाइट बिलं काढा. पॅनेल किती लागणार, पैसे किती जाणार, गच्ची पुरेल का, हे सगळं त्या बिलांतून निघतं. आणि पुढं गल्लीतल्या लोकांना पटवायचं झालं तरी तेच बिल कामाला येतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

बिलावर तीन गोष्टी बघा

पहिली गोष्ट नाव. जुन्या पेठांतल्या कित्येक घरांत मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे. आजोबा जाऊन जमाना झाला, बिल त्यांच्या नावानं येतं आणि नातू भरतो. रोजच्या वापराला त्यानं काही अडत नाही, पण सोलरचं अनुदान ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्याच बँक खात्यात येतं. त्यामुळं नाव बदलून घेणं हे पहिलं काम. त्याला वारसांची संमती लागते, आणि एक भाऊ पुण्याला, बहीण इचलकरंजीला असली की सह्या गोळा करण्यात महिने जातात. माझ्या कामात सगळ्यात जास्त अर्ज इथंच रखडलेले मी बघितले आहेत. पॅनेलची कंपनी कुठली हा विचार नंतर करा; सह्यांना आज लागा.

दुसरी गोष्ट मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घ्यायची परवानगी आहे तो आकडा. तो बिलावर किलोवॅटमध्ये लिहिलेला असतो. पूर्वी सोलरची क्षमता त्याच्यापेक्षा जास्त हवी असेल तर आधी भार वाढवून घ्यायला हेलपाटे घालावे लागायचे. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले, तेव्हापासून १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला तांत्रिक तपासणीची अट राहिली नाही आणि गरजेप्रमाणं भारही त्याच अर्जात वाढवला जातो.

तिसरी गोष्ट युनिट. बाराही महिन्यांचे आकडे घ्या, बेरीज करा, बाराने भागा. फक्त मे महिन्याचं बिल धरून हिशेब केला तर पॅनेल जास्त बसतील आणि फक्त डिसेंबरचं धरलं तर कमी पडतील. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढं असे आहेत. टप्पा चढला की त्या पुढच्या युनिटांचा दर वाढतो. आपलं घर कोणत्या टप्प्यात बसतं ते एकदा नीट बघा. बऱ्याच घरांत बिल भरणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं.

वापर कमी करा, मग पॅनेल मोजा

समजा तुमचा महिन्याचा सरासरी वापर २८० युनिट आहे. एक किलोवॅटचं सोलर आपल्याकडं महिन्याला साधारण ११० युनिट देतं, पावसाळ्यात कमी आणि फेब्रुवारी ते मे जास्त. म्हणजे अडीच किलोवॅट लागले. पण जरा थांबा.

घरात जुने चार पंखे असतील तर प्रत्येक पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, तेच वारं ३० वॅटच्या आसपास देतो. चार पंखे रोज दहा तास फिरले तर महिन्याला ५४ युनिट वाचतात. दोन किलोवॅटचा गीझर रोज पाऊण तास चालतो, त्याचे महिन्याला ४५ युनिट. गच्चीवर सोलर वॉटर हीटर बसवला की वर्षाचे बरेच महिने ते वाचतात. आता २८० चे १८० उरले. याला दोन किलोवॅट पुरतात, वर थोडी शिल्लकही राहते. पॅनेल, स्ट्रक्चर (पॅनेलखालचा सांगाडा), गच्चीवरची जागा, सगळ्यातच बचत झाली. मी स्वतः पॅनेल बसवून पैसे कमावतो, तरी प्रत्येक घरी आधी पंखे मोजतो, कारण न वापरलेल्या युनिटइतकी स्वच्छ वीज दुसरी कुठलीच नाही.

हीटर घेताना पाणी कुठलं आहे ते बघा. बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर नळ्यांमध्ये क्षार साठतात आणि दोन-तीन वर्षांत पाणी कोमट यायला लागतं. नळाच्या पाण्यावरच हीटर जोडा, बोअरची लाइन त्यापासून वेगळी ठेवा.

सावली खडूनं आखा

हे काम कुठल्याही ॲपपेक्षा खडूनं चांगलं होतं आणि ते घरच्या माणसानं स्वतः करावं असं माझं मत आहे.

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आपल्या ओळखीचा आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. या दोन्हींच्या मधल्या काळात सूर्य आणखी दक्षिणेला सरकलेला असतो, उन्हाळ्यात तो उत्तरेकडं जातो. महाद्वार रोडवर एखादं बांधकाम उंच झालं की किरणं अडतात, याची चर्चा दर वर्षी होते. गच्चीवरही हाच प्रश्न आहे: कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, काय आडवं येतं?

कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवसांत गच्चीवर सावली जवळजवळ नसतेच. त्या वेळी बघून जागा ठरवली की फसगत होते. २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ५० अंशांवरच असतो. तीन फुटी कठड्याची सावली दुपारी अडीच फूट आणि सकाळी साडेनऊला पाच फुटांपर्यंत जाते. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारच्यांचा वरचा मजला यांचा हिशेब यावरून करा.

गेल्या थंडीत शुक्रवार पेठेतल्या एका काकूंच्या गच्चीवर हे केलं. काकू म्हणाल्या, "अहो दादा, एवढं ऊन पडतंय, सावली कसली मोजताय?" त्यांच्या हातात खडू दिला. सकाळी साडेनऊला टाकीची सावली जिथं संपते तिथं रेघ, दुपारी साडेबाराला रेघ, साडेतीनला रेघ. संध्याकाळी वर गेलो तर पॅनेलसाठी ठरवलेल्या जागेवरून टाकीची सावली सकाळभर सरकत गेलेली. काकूंनी रेघांकडं बघितलं आणि स्वतःच म्हणाल्या, "मग टाकीच मागं घ्या की." टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात गेली, पाइप थोडा वाढला, पॅनेलची जागा मोकळी झाली. साखळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर जरी सावली आली तरी बाकीच्यांचा करंटही ओढला जातो, म्हणून एवढा खटाटोप.

जागा किती? एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट धरा. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, कल १५ ते १७ अंशांचा. वाळवण, कपडे, पापड यासाठी जागा ठेवा. बायकांना न विचारता गच्ची पॅनेलनं भरून टाकली तर घरात कटकट होणारच, आणि ती रास्त आहे. वरून चालायला जागा हवी असेल तर स्ट्रक्चर उंच घ्या.

स्ट्रक्चर हा स्वस्तात घ्यायचा माल नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो वादळ घेऊन येतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप, स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट आणि काँक्रीटचे ठोकळे घ्या. स्लॅबला भोकं पाडून बोल्ट मारायचं ठरलंच तर वॉटरप्रूफिंग त्याच कारागिराकडून, त्याच दिवशी करून घ्या. कौलारू घरावर आधी वासे आणि भिंत तपासा. भार पेलणारं नसेल तर परसात किंवा गोठ्याच्या पत्र्यावर जागा शोधा.

इन्व्हर्टर आणि अर्थिंग

इन्व्हर्टर म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथं आहे. साधं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेलं सोलर, लाइट गेली की बंद पडतं. भर दुपारी, लख्ख उन्हातसुद्धा. कारण तुमच्या गच्चीवरची वीज बंद लाइनमध्ये शिरली तर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टर ग्रिड गेल्याबरोबर स्वतःला तोडून घेतो. भारनियमनात दिवे हवे असतील तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च बराच जास्त असतो. विकणाऱ्यानं हे आधी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

इन्व्हर्टर कुठं लावायचा हे कोल्हापुरात तरी पुराकडं बघून ठरवा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली या भागांत तळमजल्याच्या भिंतीवर इन्व्हर्टर लावूच नका. भिंतीवर जुन्या पुराची खूण असेल तर तिच्या वर, शक्यतो जिन्यात पहिल्या मजल्यावर, थेट ऊन-पाऊस लागणार नाही असा लावा. पुराचं पाणी चढायला लागलं की डीसी आणि एसी दोन्ही बाजूचे स्विच बंद करायचे, हे घरातल्या प्रत्येकाला, शाळेतल्या पोरांनासुद्धा, दाखवून ठेवा. पॅनेल उन्हात असेपर्यंत डीसी वायरमध्ये विजेचा दाब असतोच, स्विच बंद केला तरी पॅनेलपासून स्विचपर्यंतची वायर जिवंत राहते. ती वायर कधीही हातात धरू नका.

अर्थिंग तीन वेगवेगळी हवीत: पॅनेलच्या फ्रेमला, इन्व्हर्टरच्या एसी बाजूला आणि आकाशातली वीज झेलणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरला. एकाच खड्ड्यात तिन्ही वायरी जोडून "झालं अर्थिंग" म्हणणारे कामगार मी बघितले आहेत. खड्डे खणताना समोर उभं राहा आणि फोटो काढून ठेवा.

अर्ज, अनुदान आणि पैसे

पीएम सूर्य घर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांवर सोलर हे तिचं उद्दिष्ट, तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची. अनुदान असं आहे: दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८,०००, त्याच्यावर नाही. राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक आणि मोबाइल घालून नोंदणी करा, यादीतला नोंदणीकृत विक्रेता निवडा, काम झालं की महावितरणचा माणूस तपासणी करून नेट मीटर (आलेली आणि गेलेली दोन्ही वीज मोजणारा मीटर) बसवतो, मग बँकेचा तपशील भरायचा. अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं. "अनुदान आम्ही परस्पर वळतं करून घेतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा" असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

अनुदानासाठी पॅनेल देशात बनलेलं लागतं, आणि त्यातला सेलसुद्धा देशातलाच लागतो. बाजारात त्याला डीसीआर पॅनेल म्हणतात. ते बाहेरच्यापेक्षा महाग पडतं, म्हणून कोटेशनमध्ये "डीसीआर" हा शब्द लिहून घ्या आणि पॅनेल वर चढवण्याआधी मागचे सिरियल नंबर मोबाइलमध्ये टिपून ठेवा. एकदा बसलं की मागची बाजू बघायला मिळत नाही. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ती बिलावर लिहिलेली हवी. कर्ज हवं असेल तर या योजनेखाली राष्ट्रीयीकृत बँका तारण न घेता कर्ज देतात, सावकारी किंवा फायनान्सवाल्याच्या व्याजाच्या वाटेला जाऊ नका.

नेट मीटरिंगमध्ये दिवसा जास्त झालेली वीज ग्रिडमध्ये जाते आणि ती युनिटं तुमच्या नावावर जमा राहतात. रात्री किंवा पुढच्या महिन्यात ती वळती होतात. ३१ मार्चला हा हिशेब मिटतो. उरलेली युनिटं महावितरण घेतं, पण त्याचा दर तुम्ही भरता त्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठं सोलर बसवून "वीज विकून कमाई" हे स्वप्न बघू नका. आणि बिल शून्य होईल या भरवशावरही राहू नका, स्थिर आकार दर महिन्याला भरावाच लागतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना एकट्यानं करता येण्यासारखं कमी आहे, पण सोसायटीला करता येतं. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे या सामायिक मीटरवर सोलर बसवायला किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. सर्वसाधारण सभेत ठराव लागतो. सभेत भाषण करू नका, सामायिक मीटरची बारा बिलं छापून प्रत्येकाच्या हातात द्या.

देखभाल थोडी आहे. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, पॅनेल गार असताना साध्या पाण्यानं आणि मऊ कापडानं पुसायचं. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. गळीत हंगामात ज्या भागात कारखान्याची काजळी उडते तिथं आठवड्याला पुसा, पावसाळ्यात गरज नाही.

शेजारच्याला कसं सांगायचं

आपल्या जिल्ह्याला कोळशाशिवायची वीज परकी नाही. शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं, आज त्या धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे. हंगामात साखर कारखाने चिपाडावर वीज करतात. घराच्या मागं गोबर गॅस ज्यांनी बघितला आहे अशी पिढी अजून गावोगावी आहे. तरीही "सोलर म्हणजे श्रीमंतांचं काम" हे वाक्य मला रोज ऐकायला मिळतं, आणि ते ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण ज्या घराला दर महिन्याचं बिल जड जातं त्याच घराला याची जास्त गरज आहे.

फ्लेक्स लावून काही होत नाही. माझा अनुभव असा आहे की माणूस बिल बघून पटतो आणि गच्चीवर आणून पटतो. तुमच्याकडं सोलर बसलं की बसवण्याआधीचं आणि नंतरचं अशी दोन बिलं ग्राहक क्रमांक झाकून लॅमिनेट करा आणि घरात ठेवा. रविवारी दुपारी दोन घरांना चहाला बोलवा, वर न्या, इन्व्हर्टरवरचा आकडा दाखवा. प्रश्न विचारू द्या. काय चुकलं, किती दिवस लागले, कुणी दाद दिली नाही, तेही सांगा. फक्त गोडगोड सांगितलं तर लोकांना संशय येतो.

आपल्या तालमींच्या बाहेर फळे असतात. निधन, जयंती, कुस्त्यांचं मैदान, सगळं त्यावर लिहिलं जातं. तालमीच्या इमारतीवर किंवा गल्लीतल्या एखाद्या घरावर सोलर असेल तर दर महिन्याच्या एक तारखेला मागच्या महिन्यात किती युनिट झाली ते फळ्यावर लिहा. जुलैचा कमी आकडाही लिहा. येणारे-जाणारे वाचतात, आणि कट्ट्यावर त्यावर बोलणं होतं. गणेशोत्सवात मंडळाच्या रोषणाईला हॅलोजनऐवजी एलईडी वापरा आणि आधी-नंतरचा भार त्याच फळ्यावर मांडा.

महिलांच्या भिशीत आणि बचत गटात हा विषय काढलाच पाहिजे. गीझर किती वेळ चालू, फ्रिज किती जुना, पाण्याची मोटर कधी लावायची, हे निर्णय तिथं बसलेल्या बायका घेतात. सॉकेटमध्ये लावून वॅट मोजणारं छोटं मीटर काहीशे रुपयांत मिळतं. ते भिशीत फिरवा, एक आठवडा एका घरी. जुन्या फ्रिजला लावलं की आकडा बघून घरातले सगळे गोळा होतात. शाळांना बोलायचं असेल तर २० ऑगस्टचा अक्षय ऊर्जा दिन आणि १४ डिसेंबरचा ऊर्जा संवर्धन दिन धरा; पोरांना चित्रकला स्पर्धेऐवजी घरचं बिल आणायला सांगा.

कोणी विचारलंच की एका घरानं काय फरक पडतो, तर हिशेब सांगा. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागं सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दोन किलोवॅटच्या सोलरनं वर्षाला अडीच हजार युनिट केली तर पावणेदोन टन वाचला. गल्लीतल्या दहा घरांचा साडेसतरा टन.

शेतकरी बांधवांनी यात पंपाचा विचार वेगळा करावा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्केच भरावे लागतात. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला अंधारात, साप-किरड्यात जाण्यापेक्षा दिवसा मोटर चालवणं केव्हाही बरं.

आता वेळेचं. नावबदल बाकी असेल तर ते लगेच सुरू करा. पंखे आणि दिवे दिवाळीच्या खरेदीत बदलून टाका. डिसेंबरात गच्चीवर खडूच्या रेघा मारा, जानेवारीत तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांची कोटेशनं घ्या आणि अर्ज भरा. नेट मीटर मार्चअखेर लागला तर एप्रिल-मेच्या कडक उन्हातली जास्तीची युनिटं नव्या आर्थिक वर्षात जमा होतात आणि जुलै-ऑगस्टच्या झडीत वापरायला मिळतात. जूनमध्ये काम काढलं तर पहिली तीन-चार बिलं बघून घरातले नाराज होतील, आणि बांधकामही पावसात नीट होत नाही.